उसनं नाक

त्या अर्जावर माझी सही तिसरी होती. पहिली समोरच्या नव्या इमारतीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरींची, दुसरी त्यांच्या पत्नीची, तिसरी माझी. अर्ज इंग्रजीत होता. मी तो नीट वाचला, एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि सही केली.

चवथीचा आदला दिवस होता तो. घरात नेवऱ्या तळणं चाललं होतं. माझे यजमान स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट, बांधत होते आणि मी खालून एकेक वस्तू त्यांच्या हातात देत होते. तोरिंगं, नारळाची पेंड, सुपारीचा घोस, कांगलां. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि आमच्या पश्चिमेला, चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीपलीकडे, शेजारच्या आंटीची डुकरांची शेड आहे. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तुपातल्या खोबऱ्याच्या वासावर तो दुसरा वास येऊन बसला. देवाच्या मखरापर्यंत आला. मला रडू फुटलं. संध्याकाळी सेक्रेटरी त्या शेडविरुद्धचा पंचायतीला द्यायचा अर्ज घेऊन दारात आले तेव्हा मी पेन शोधायला आत गेले, विचार करायला नाही.

मी मूळची गोव्यातल्या पेडण्याची. म्हापशाजवळच्या या गावात लग्न होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली. मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. आंटी आमच्याआधीपासून इथे आहे. नाताळात तिच्याकडून दोदोल आणि बिबिंक येतं, आमच्याकडून चवथीला नेवऱ्या जातात. आम्ही मांस खात नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून आमच्या वाटणीची बिबिंक ती वेगळ्या भांड्यात भाजते आणि तसं मुद्दाम सांगून देते. त्या वर्षी नेवऱ्यांचं ताट मी स्वतः नेलं नाही. पुतण्याच्या हाती पाठवलं.

चार दिवसांनी ती ताट परत द्यायला आली. ताटात वेलची केळ्यांची फणी होती; रिकामं ताट ती कधी परत करत नाही. व्हरांड्यात बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “टीचर, तुजी सय पळयली हांवें.” तुझी सही पाहिली मी.

मी काय बोलणार होते? पंचायतीत तिला अर्जाची प्रत दाखवली होती. मला वाटलं, आता भांडेल, आणि भांडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, “तुका घाण मारता म्हण तुवें म्हाका कित्याक सांगलें ना?” तुला वास मारतो हे मला का नाही सांगितलंस? आणि मग थोड्या वेळाने, जमिनीकडे बघत, “म्हाका वासूच येना गे.”

मला वासच येत नाही. त्या वाक्यावर मी त्या रात्री खूप वेळ जागी होते, कारण ते खरं होतं आणि का खरं आहे हे मी स्वतः तीस वर्षं मुलांना शिकवत आले होते. एकच वास सतत नाकावर आदळत राहिला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. अत्तराच्या दुकानातल्या माणसाला अत्तर जाणवत नाही, मासळी विकणाऱ्या बाईला मासळी जाणवत नाही. आंटीचा धाकटा मुलगा तारवार आहे. नऊ-नऊ महिने बोटीवर काढून तो घरी येतो तेव्हा पहिले दोन दिवस नाकाला रुमाल लावून फिरतो. तिसऱ्या दिवशी रुमाल खिशात जातो. हे आंटीनेच मला कधीतरी हसत सांगितलं होतं. म्हणजे ज्या बाईला तो वास दूर करायचा होता, तिलाच तो येत नव्हता. आणि ज्यांना येत होता, त्या आम्ही तिघांनी तिला सोडून पंचायतीला कळवलं.

कोंकणीत ‘घाण’ म्हणजे वास, दुर्गंध. मराठीत आपण ‘घाण’ म्हणतो ती बहुतेकदा एखादी वस्तू असते, उचलून टाकायची. पण शब्द आला ‘घ्राण’वरून, म्हणजे मूळचा नाकाचाच. पुढे आपण तो नाकावरून काढून वस्तूला लावला, मग जनावराला, आणि मग ते जनावर पाळणाऱ्या माणसाला. मी हे स्वतःबद्दल लिहिते आहे. पेडण्याला लहानपणी दशावतार बघताना देवाच्या अवतारांत वराह आला की आई हात जोडायची. तीच आई रस्त्यात डुक्कर दिसलं की आम्हाला दुसऱ्या बाजूला ओढायची. सही करताना माझ्या हातात नुसता वास नव्हता, हेही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला वळसा घालून तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांत ती शेड मी पहिल्यांदा आतून पाहिली.

आठ डुकरं होती. सिमेंटची जमीन, वर पत्रे. दिवसातून दोनदा पाइपाने धुतलेली, आमच्या अंगणापेक्षा स्वच्छ म्हणावी इतकी. मला आश्चर्य वाटलं ते जनावरांच्या शिस्तीचं. जागा पुरेशी असेल तर डुक्कर झोपायच्या जागी कधी शेण टाकत नाही. एक कोपरा ठरवतं आणि तिथेच जातं. आठही डुकरांचा कोपरा ठरलेला होता. घाण त्यांची नव्हतीच. ती होती शेडमागच्या खड्ड्यात. धुतलेलं सगळं पाणी, शेण आणि मूत घेऊन माडांमधल्या एका कच्च्या खड्ड्यात उतरत होतं. भरलेल्या अंगाचं डुक्कर दिवसाला शेण-मूत मिळून चार-पाच किलो टाकतं. आठांचं बत्तीस ते चाळीस किलो, आणि त्यावर धुण्याचं काही शे लिटर पाणी. खड्डा काळा, वर साय धरलेली, मधूनच एखादा बुडबुडा फुटायचा.

इथे मला माझा विषय सापडला.

ताजं शेण आणि ताजं मूत वेगवेगळं ठेवलं तर दोघांचाही वास सोसण्याजोगा असतो. मुतात युरिया असतो, त्याला वास नाही. शेणातल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, त्याला युरिया सापडला की काही तासांत अमोनिया सुटू लागतो. डोळ्यांना झोंबतो तो हा. पण अमोनिया फार लांब जात नाही, पातळ होत जातो. भिंत ओलांडून माझ्या मखरापर्यंत येणारे वेगळे. हवा न मिळालेल्या पाण्यात, खोल, दुसऱ्याच जातीचे जिवाणू राज्य करतात. त्यांना प्राणवायू लागत नाही. ते अन्न पूर्ण कुजवू शकत नाहीत, अर्ध्यावर सोडतात, आणि हे अर्धवट राहिलेले तुकडे म्हणजेच दुर्गंध. नासक्या लोण्याच्या वासाचं ब्युटिरिक आम्ल. सडक्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड. प्रथिनातल्या टायरोसिनपासून पॅरा-क्रेसॉल, ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आणि स्कॅटोल. स्कॅटोल लुडविग ब्रीगर या जर्मन वैद्याने 1877 मध्ये विष्ठेतून वेगळं काढलं.

इंडोलपाशी मी थांबले. कारण हेच इंडोल अगदी अल्प प्रमाणात जाईच्या फुलात असतं. जाईचा वास नुसता गोड न राहता रात्री जड, धुंद होतो त्यात त्याचा वाटा आहे. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा होते. फुलांच्या राशीच्या राशी येतात, सभामंडपात पाऊल टाकताच डोकं भरून जातं. तिथे हात जोडून उभी राहिलेली मी आणि खड्ड्याकाठी पदर नाकाला लावलेली मी, दोघींच्या नाकात काही अंशी एकच रेणू होता. प्रमाण तेवढं निराळं. हे वाचून कुणाला विटाळल्यासारखं वाटेल, तर वाटू दे. मला त्या दिवशी खूप हलकं वाटलं.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण तिच्यात जीव जातात. शेणाच्या खड्ड्यात साफसफाईला कुणीही उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा नाकाला कळतो. फार झाला की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो आणि माणसाला वाटतं, वास गेला. खड्डा ढवळला की तो एकदम वर येतो. आंटीचा मोठा मुलगा दोन वर्षांपूर्वी गाळ काढताना काठावरच चक्कर येऊन पडला होता. ते उन्हाने झालं असं घरच्यांनी धरलं होतं. मी ते ऐकून थरथरले.

तर उपाय. पहिला उपाय विकत आणला. म्हापशाच्या बाजारातून एक बाटली, तपकिरी, आंबूस वासाची. लेबलवर ‘उपयुक्त सूक्ष्मजीव’ आणि वास आठ दिवसांत जाईल अशी हमी. आम्ही दोघींनी ती सांगितल्याप्रमाणे पाण्यात मिसळून खड्ड्यात ओतली. आठ दिवस वाट पाहिली, पंधरा दिवस पाहिली. काही झालं नाही. आंटीचे पैसे गेले होते आणि मला माझ्या विज्ञानाची लाज वाटत होती.

मग नीट वाचायला बसले. उपयुक्त जिवाणूंची कल्पना नवी नाही. इल्या मेच्निकोव्हने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दह्यातल्या जिवाणूंबद्दल लिहिलं होतं, त्याला 1908 चा नोबेल मिळाला तो मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाला. ओकिनावातल्या रयुक्यू विद्यापीठाचे तेरुओ हिगा यांनी 1980 च्या दशकात दह्यातले लॅक्टिक जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशावर जगणारे जांभळे जिवाणू एकत्र करून मिश्रण तयार केलं. आज बाजारात येणाऱ्या अनेक बाटल्या त्या वळणाच्या असतात. कोरियात चो हान-क्यू यांनी शेतकऱ्याला विकत काही न घेता जंगलातल्या पाचोळ्याखालचे स्थानिक जिवाणू घरी वाढवायला शिकवलं. पण खड्ड्यात ओतायच्या तयार मिश्रणांची गोष्ट निराळी निघाली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अशी 35 उत्पादनं तपासली गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी वासात फारसा फरक पाडला नाही.

ते वाचून मला हायसं वाटलं. कारण ते मला स्वयंपाकघरातून समजत होतं. विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध कोमट लागतं, भांडं स्वच्छ लागतं. विहिरीत विरजण टाकून दही होत नाही. आम्ही तेच केलं होतं. ज्या खड्ड्यात हवा नाही, जिथे अब्जावधी दुसरे जिवाणू आधीच घर करून बसलेत आणि रोज नवं पाणी येऊन पडतंय, तिथे एक बाटली पाहुणे पाठवले होते.

आंटीला हे समजावताना विज्ञानाचा एक शब्द वापरावा लागला नाही. ती सान्नां करते, इडलीसारखी. पीठ फुगायला माडाची सूर, म्हणजे माडी, लागते. माडावरून ती काढणाऱ्या रेंदेराकडून सकाळची ताजी सूर आली तर सान्नां हलकी होतात, दुपारची झाली तर आंबट होतात, आणि तीच सूर महिनाभर ठेवली तर व्हिनेगर होतं. त्या व्हिनेगरातच चोरिसाचं, म्हणजे गोव्याच्या सॉसेजचं, मांस मुरतं आणि पावसाळाभर टिकतं. कोणता जीव कुठे, किती वेळ आणि किती हवेत ठेवायचा हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. फक्त शेडमागे ते कुणी लावून पाहिलं नव्हतं. गोव्यात एकेकाळी शौचकूपांची सफाईच डुकरं करत, तेव्हा खड्ड्याचा प्रश्नच नव्हता. सिमेंटची जमीन, पाइपाचं पाणी आणि हॉटेलातलं उष्टं आलं तसा तो आला.

मग आम्ही पाणी बंद केलं.

हे ऐकायला साधं वाटतं. आंटीला ते पटायला दोन महिने लागले. न धुता शेड स्वच्छ राहील ही गोष्टच तिच्या मनाला शिवेना. जुन्या गोव्याला एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे, तिथे डुकरांवर काम चालतं, काणकोणच्या आगोंदाच्या नावाने गोव्याच्या गावठी डुकराची स्वतंत्र जात नोंदली गेली आहे. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. आपल्या कामाला सरकारी दप्तरात नाव आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर ती तयार झाली.

अर्धी शेड सिमेंटची तशीच ठेवली, अर्धी खणून अडीच फूट खोल केली. तळाला सुक्या नारळाची सोडणं, हवा खेळावी म्हणून. त्यावर लाकडाचा भुसा, भाताचं तूस आणि सुका पाचोळा. नव्वदएक पोती लागली. भुसा साध्या लाकडाचाच घ्यावा, प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा नको. सॉ मिलवाल्याने हे दोनदा विचारल्यावर मग खरं सांगितलं. भुशात कर्ब भरपूर, शेणात नत्र भरपूर. नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग मिळाले की कुजवणारे जिवाणू नत्र हवेत सोडत नाहीत, स्वतःच्या अंगात बांधून घेतात. वास म्हणजे निसटून गेलेलं खत, हे मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायची. त्याचा अर्थ मला आत्ता कळत होता.

विरजण घरीच केलं. तांदळाचं पहिलं धुवण बरणीत घालून वर फडकं बांधलं आणि आंबूस वास येईपर्यंत चार दिवस ठेवलं. एक वाटी त्यातलं, दहा वाट्या दूध. आठवड्याने वर चोथा तरंगला आणि खाली पिवळसर निवळ उतरली. त्यात सारख्या वजनाचा माडाचा गूळ विरघळवून ठेवला. दुसऱ्या बादलीत आमच्या फणसाखालची, पाचोळा कुजून काळी झालेली मूठभर माती, भात आणि गूळ. (देवराईतली आणू या, असं कुणीतरी सुचवलं. तिथून पानसुद्धा उचलायचं नसतं.) हे दोन्ही विहिरीच्या पाण्यात पातळ करून शिंपायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते याच जिवांना मारायला घातलेलं असतं.

लॅक्टिक जिवाणू आम्ल सोडतात, त्याने अमोनिया जागीच अडतो. सामू (pH) 7 च्या आसपास असेल तर साध्या तापमानाला त्यातला एक टक्कासुद्धा उडण्याजोग्या रूपात नसतो, 9 वर गेला तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतो. हवा मिळाली की नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याच अमोनियाचं पुढे नायट्राइट करतात, त्यांचे भाऊबंद नायट्रेट करतात. या जिवांना 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्कीने प्रथम वेगळं करून दाखवलं. आणि हवा आत पोचवायचं काम कोण करणार, याचं उत्तर त्या शेडमध्येच होतं. डुक्कर जन्मतःच उकरणारं जनावर. सिमेंटवर त्याचं नाक नुसतं घासत राहतं. ज्या दिवशी आठही जणांना भुशावर सोडलं, त्यांनी आधी वास घेतला, मग नाकं खुपसली आणि मग जे काही सुरू झालं ते बघून आंटी पायरीवर बसून हसत राहिली, हसता हसता डोळे पुसू लागली. मूठभर मका भुशात पुरून ठेवायचा, की तेच तो सबंध थर खालीवर करतात.

तीन आठवड्यांनी फूटभर खोल थर्मामीटर घातला तेव्हा पारा 48 अंशांवर गेला. कुजणं चांगलं चाललं होतं. पण डुकराला घाम जवळपास येत नाही, त्यामुळे मे महिन्यात या उष्णतेचा त्रासच. म्हणूनच अर्धी जमीन सिमेंटची हवी. तिथे ती दुपारी पसरून झोपतात, त्यांच्यासाठी एक उथळ टाकीही आहे लोळायला.

खाण्यातही बदल केला. हॉटेलातून येणाऱ्या उष्ट्यात मासळी-मांस फार. अंगाला लागेल त्याहून जास्त प्रथिन खाल्लं की उरलेलं युरिया होऊन मुतातून जातं. त्यात कोंडा, केळीचा गाभा, भोपळा वाढवला. चोथा असला की नत्र मुतापेक्षा शेणाच्या वाटेने जास्त जातं. उष्टं उकळूनच द्यायचं हा नियम आंटीने आधीच पाळला होता. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये भारतात आला तेव्हापासून तो सगळ्यांनीच पाळायला हवा.

नाताळापर्यंत वास इतका उतरला की माझे यजमान, जे या सगळ्याकडे संशयाने बघत होते, एका रात्री जेवताना म्हणाले, “आज वारा तिकडून आहे ना?” मी हो म्हटलं. ते पुढे जेवत राहिले.

इथे लेख संपवला असता तर छान दिसलं असतं. पण पुढे जून आला.

गोव्याचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो सरळ पडत नाही. दुसऱ्याच आठवड्यात पश्चिमेकडच्या सरींनी भुशाचा एक तृतीयांश भाग भिजवून टाकला. भिजलेल्या भुशात हवा राहत नाही. चार दिवसांत तो काळा पडला आणि सडक्या अंड्याचा तो जुना वास पुन्हा भिंत ओलांडून आला. पहिल्यापेक्षाही वाईट, कारण आता मला तो माझ्या चुकीचा वाटत होता. पत्रे चार फूट पुढे यायला हवे होते. मी विज्ञान बोलत राहिले आणि छप्पर पाहिलं नाही. समोरच्या इमारतीतून पंचायतीला दुसरा अर्ज गेला. त्यावर माझी सही नव्हती, पण तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्या लोकांनाही खिडक्या आहेत, लहान मुलं आहेत.

भर पावसात आम्ही ओला थर उपसला. आंटीचा मोठा मुलगा, माझा पुतण्या, मी. माझ्या हातांना तीन दिवस तो वास होता, साबणाने जात नव्हता. मग पत्रे वाढवले, कोरडं तूस घातलं, पुन्हा विरजण शिंपलं. आंटीने तेव्हा एक पद्धत बसवली, ती आजही चालते. मूठभर भुसा हातात घट्ट दाबायचा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गळलं तर कोरडं घाला. गोळाच झाला नाही तर शिंपडा. पुस्तकात याला पन्नास ते साठ टक्के ओलावा म्हणतात.

जुना खड्डा बुजवला. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, त्या खड्ड्यातलं इतकी वर्षं कुठे झिरपत होतं, आणि आम्हा दोघींच्या विहिरी त्याच उतारावर आहेत, याचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

मी माझी सही लेखी मागे घेतली. पंचायतीतल्या कारकुनाने तो कागद कुठे लावायचा हे दोघातिघांना विचारलं, अशी पद्धत नाही म्हणाला, शेवटी फाइलला टाचणीने लावून ठेवला. तपासणीला माणूस आला, त्याने भुशात काठी खुपसून पाहिली, शेरा लिहिला. फाइल अजून उघडी आहे. समोरच्या काहीजणांना डुकरं असणंच नको आहे, वास असो वा नसो, आणि त्याला माझ्याकडे औषध नाही. पण सेक्रेटरींच्या पत्नी गेल्या महिन्यात दोन पोती खत घेऊन गेल्या, गच्चीतल्या कुंड्यांसाठी. मुरलेल्या भुशाचं खत आंटी 200 रुपये पोतं विकते. कोरडं, काळंभोर. पहिल्या पावसात मातीला येतो तोच वास त्याला येतो, आणि तोही जिवाणूंचाच. मातीतल्या ॲक्टिनोमायसेट्सनी बनवलेला जिओस्मिन.

एक गोष्ट मात्र भुशाने बदलली नाही. आंटीला वास येत नाही. पुन्हा बिघडू लागलं तर तिला ते सगळ्यांत शेवटी कळणार. थर्मामीटरला ओल कळत नाही, आणि मूठ दाबून सबंध शेड रोज कोण तपासणार?

म्हणून सकाळी सात वाजता, देवपूजेआधी, भिंतीपलीकडून हाक येते. “यो टीचर, वास घे पळोवया.” मी ओल्या केसांनी भिंतीशी जाते, चिऱ्यावर हात ठेवून वाकते आणि श्वास आत ओढते. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी असते. डुकरंही मान वर करून बघतात.

आज सकाळी मी पुन्हा एकदा श्वास घेतला आणि म्हटलं, “माडाकडच्या कोपऱ्यात बघ गं. तिथे ओल आहे.”

ती फावडं घेऊन तिकडे गेली.